आरसी (रिमोटने उडणारं) विमान: आधी पाच व्होल्ट सांभाळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातपूरच्या एका गृहस्थांनी आणि त्यांच्या नववीतल्या मुलाने मिळून सव्वा मीटर पंखाचं फोमचं ट्रेनर विमान बनवलंय. तीन सेलची २२०० एमएएच लायपो बॅटरी, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), नऊ ग्रॅमचे चार सर्वो (पंख-शेपटीवरची पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि साधा सहा चॅनेलचा रेडिओ, म्हणजे हातातला ट्रान्समीटर आणि विमानातला रिसीव्हर. विमान चांगलं उडत होतं. मग त्यांनी स्टॅबिलायझर (विमान आपोआप सरळ ठेवणारा जायरो) बसवला, पंखाखाली एलईडीच्या पट्ट्या लावल्या, आणि त्यानंतर दोनदा ‘हवेत सिग्नल गेला’. दोन्ही वेळा विमान नाकावर आलं. दोन्ही वेळा धावत जाऊन उचललं तर सगळं चालू: सर्वो हलतायत, मोटर फिरतेय. आता ते विचारतात की महागडा रेडिओ घ्यावा का, टेलिमेट्री (विमानातले आकडे जमिनीवर दाखवणारी सोय) आणि रिसीव्हरसाठी दुसरी बॅटरी टाकावी का, आणि नाशिकजवळ उडवायला कुठे जावं.

रेडिओ घेऊ नका. तुमच्या तक्रारीतच तिचं उत्तर आहे. मोकळ्या रानात, विमानाची दिशा डोळ्यांना नीट कळेल इतक्या अंतरात, आजचा साधा २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओसुद्धा सहसा दगा देत नाही. रिसीव्हर हवेत गप्प झाला आणि जमिनीवर आपोआप शुद्धीवर आला, तर पहिला संशय रेडिओवर घ्यायचा नाही, विजेवर घ्यायचा.

तुमच्या विमानातली वीज कशी फिरते ते बघा. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टची. ती ईएससीला जाते. ईएससीच्या पोटात बीईसी नावाचं छोटं सर्किट असतं, ते पाच व्होल्ट तयार करतं आणि थ्रॉटलच्या (मोटरच्या वेगाची आज्ञा नेणाऱ्या) तीन तारांच्या वायरमधून रिसीव्हरला देतं. रिसीव्हर, चारही सर्वो, स्टॅबिलायझर आणि तुम्ही जोडलेल्या पट्ट्या, सगळे त्या एकाच लाल तारेवर जगतात. सर्वोवर जोर आला की तो जास्त करंट ओढतो. नऊ ग्रॅमचा सर्वो पूर्ण अडकला तर सातशे मिलिअँपिअरच्या आसपास घेतो. चौघांनी एकदम मागितलं तर पावणेतीन अँपिअर झाले, आणि तुमच्या ईएससीच्या स्टिकरवर बहुधा ‘बीईसी ५ व्होल्ट २ अँपिअर’ असं लिहिलेलं असेल. मागणी पुरवठ्याबाहेर गेली की पाचाचे चार होतात, चाराचे साडेतीन, आणि तिथे बरेच रिसीव्हर स्वतःला रीसेट करून घेतात. याला ब्राउनआउट म्हणतात. व्होल्टेज परत आलं की रिसीव्हर पुन्हा ट्रान्समीटर शोधतो. नवे रिसीव्हर क्षणात जोडले जातात, जुने काही सेकंद घेतात. सेकंदाला १५ मीटर वेगाने खाली येणारं विमान दोन सेकंदांत ३० मीटर येतं. तुम्ही ज्या उंचीवर उडवत असाल तिथे एवढं पुरतं.

दुसरा प्रकार उष्णतेचा, आणि आपल्याकडे तो अधिक छळतो. स्वस्त ईएससीतला बीईसी लिनिअर जातीचा असतो. तो जास्तीचे व्होल्ट जाळून टाकतो. १२.६ मधून ५ वजा केले की उरले ७.६ व्होल्ट. करंट एक अँपिअर असेल तर ७.६ वॅटची नुसती उष्णता, तीही अंगठ्याएवढ्या पट्टीवर, प्लास्टिकच्या आवरणात, फोमच्या बंद पोटात, एप्रिलच्या उन्हात. चिपचं आतलं तापमान साधारण १५० अंशांना पोचलं की तिचं स्वसंरक्षण तिला बंद करतं. विमान पडतं, झाकण उडतं, वारा लागतो, चिप निवते आणि पाच व्होल्ट परत येतात. म्हणून तुम्हाला सगळं ‘चालू’ सापडतं.

दोन्हींतला फरक तुम्ही घरबसल्या ओळखू शकता. दोन्ही वेळा विमान उडाल्यावर किती मिनिटांनी पडलं ते मुलाला आठवून सांगायला लावा. मुलांना हे आपल्यापेक्षा नीट आठवतं. पाच-सहा मिनिटं झाल्यावर, सरळ उडताना पडलं असेल तर उष्णता. जोरात वळवताना किंवा लूप मारताना पडलं असेल तर क्षणभराचा ब्राउनआउट.

काहीही विकत घेण्याआधी प्रॉप (मोटरवरचा पंखा) काढा आणि विमान टेबलावर घ्या. पहिली तपासणी फुकटातली आहे. प्रत्येक सर्वोची पुशरॉड (पात्याला ढकलणारी काडी) हॉर्नमधून सोडवा आणि एलेरॉन, एलिव्हेटर, रडर ही पंख-शेपटीवरची हलती पाती बोटाने हलवून पाहा. कुठेही घासता, अडकता कामा नये. बिजागर ताठ असेल, रॉड नळीत वाकडी जात असेल, तर सर्वो स्टिक मध्यावर असतानाही ढकलत राहतो. रॉड परत जोडा, वीज चालू करा आणि कान लावा. शांत बसलेला सर्वो गप्प असतो. ‘गुंईऽऽ’ असा आवाज सतत येत असेल तर तो करंट पितोय असं समजा. काठाला जाऊन टेकणाऱ्या सर्वोचंही तेच: ट्रान्समीटरमध्ये त्याचा प्रवास दोन-चार टक्क्यांनी कमी करा, आवाज थांबेल. बीईसीच्या लाल तारेत मीटर लावला आणि सगळे सर्वो स्वस्थ असले, तर रिसीव्हरसकट शंभर-दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास आकडा दिसावा. एक सर्वो अडला असेल तर तोच आकडा कित्येक पट होतो. मी पाहिलेल्या ‘सिग्नल गेला’च्या तक्रारींत अडलेली पुशरॉड हे कारण फार वेळा निघालंय.

मग व्होल्टेज मोजा. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलमध्ये सर्वोची एक जुनी वायर खोचा, तिच्या लाल-काळ्या तारा मल्टिमीटरला द्या. मुलाला एलेरॉन आणि एलिव्हेटर तळहाताने हलके दाबून धरायला सांगा आणि तुम्ही दोन्ही स्टिक गोल फिरवा. सर्वोची गिअर तुटेल इतका जोर नको. आकडा ४.८ च्या खाली सरकला तर काम आहे. लक्षात ठेवा, साधा मीटर सेकंदाला दोन-तीन वेळाच वाचन घेतो, त्याने ४.५ दाखवलं तर खरा खड्डा त्याहून खोल असतो. त्यानंतर दहा मिनिटं सर्वो हलते ठेवून ईएससीला बोट लावा. बोट ठेवता येत नसेल तर उन्हात, बंद पोटात त्याचं काय होत असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

आता स्टॅबिलायझर. तो वाईट नाही. नाशिकला दुपारचा वारा सरळ येतच नाही, डोंगरावरून उतरून गरगरत येतो, आणि शिकाऊ हाताला जायरोचा आधार खरंच होतो. पण जायरो प्रत्येक झुळकीला सर्वो हलवतो. जिथे तुमचा सर्वो मिनिटात वीस वेळा हलायचा तिथे आता तो थांबतच नाही. सरासरी करंट वाढला, बीईसी तापला. त्यावर तुम्ही एलईडीच्या पट्ट्या रिसीव्हरमधूनच दिल्या. म्हणजे आधीच काठावर असलेल्या दोन अँपिअरवर दोन नवी तोंडं बसवली. विमान आधी उडत होतं आणि नंतर पडायला लागलं, याचा मला तरी एवढाच अर्थ लागतो.

उपाय साधा आहे. स्विचिंग जातीचा वेगळा बीईसी घ्या, पाच व्होल्ट, पाच अँपिअरचा. तो व्होल्ट जाळत नाही, रूपांतर करतो. त्याच एक अँपिअरला साडेसात वॅटऐवजी एक वॅटच्या आतबाहेर उष्णता निघते. वजन दहा-पंधरा ग्रॅम. त्याच्या इनपुटच्या तारा बॅटरीच्या कनेक्टरला, ईएससीच्या बाजूने, सोल्डर करा आणि आउटपुट रिसीव्हरच्या बॅटरी चॅनेलला द्या. पण त्याआधी ईएससीच्या थ्रॉटल वायरमधली मधली लाल तार काढून टाका. दोन बीईसी एकाच लाल तारेवर एकमेकांशी भांडत ठेवायचे नसतात. तार कापू नका. प्लास्टिकच्या प्लगवर छोटी जीभ असते, ती टाचणीने किंचित उचलली की पिन मागे सरकून बाहेर येते. तिच्यावर श्रिंक ट्यूब (तापवली की आवळणारी नळी) चढवून ती वायरलाच मागे बांधून ठेवा, पुढेमागे लागली तर परत बसवता येईल. किंवा ईएससीच बदलायचा असेल तर आत स्विचिंग बीईसी असलेला घ्या. मला तो मार्ग जास्त आवडतो, कारण त्यात जोड कमी होतात. दिव्यांच्या पट्ट्या १२ व्होल्टच्या मिळतात. त्या बॅटरीच्या बॅलन्स प्लगवरून (चार्जिंगच्या वेळी लागणारा छोटा पांढरा प्लग) थेट चालवा किंवा दिवसा उडवत असाल तर काढूनच टाका.

माझी नोकरी ओझरला विमान कारखान्यात गेली, वायरिंगच्या बाकावर. हा कारखाना १९६४ साली मिग-२१ साठी उभा राहिला, पुढे तिथूनच सुखोई-३० एमकेआय बाहेर पडली. तिथे हाताला लागलेल्या सवयी मी छोट्या विमानांतही सोडल्या नाहीत. वायर मध्येच जोडायची नाही. जुडगा मोकळा लोंबू द्यायचा नाही. प्लगने वायरचं वजन पेलायचं नाही. आणि नवा भाग बसवण्याआधी विचारायचं: हा हवेत मेला तर विमानाचं काय होईल?

हा शेवटचा प्रश्न तुमच्या यादीला लावून बघा. समजा प्रत्येक भाग शंभरात ९९ वेळा नीट चालतो. एकामागे एक असे दहा भाग असतील तर सगळे एकदम नीट चालण्याची शक्यता ९० टक्के होते. वीस केलेत तर ८२. प्रत्येक भाग चांगल्या प्रतीचा असूनही. म्हणून मेला तरी विमान उडत राहील असा भाग हवा तर लावा, उदाहरणार्थ स्वतःच्या बॅटरीवर चालणारा कॅमेरा. पण ज्याच्या मरणाने रिसीव्हर किंवा सर्वो मरतो, तो अगदी गरजेचा असेल तरच आत घ्या. स्टॅबिलायझर हवाच असेल तर तो रिसीव्हरमध्येच असलेला घ्या. वेगळ्या डबीबरोबर चार-पाच जोडवायरी येतात, आणि माझ्या अनुभवात डबीपेक्षा त्या वायरीच आधी बिघडतात.

कनेक्टरवर थोडा जास्त वेळ थांबतो, कारण छोट्या विमानात चिप क्वचित मरते, जोड मात्र सारखे मरतात. सर्वोच्या प्लगमध्ये पितळेची बारीक स्प्रिंग पिनला दाबून धरते. वारंवार काढघाल केली की ती सैलावते. मोटरच्या कंपनाने पिन आत केसभर सरकत राहते, तिच्यावरचा मुलामा घासला जातो आणि खाली काळा थर बसतो. आपल्या शेतातली काळी माती वाळली की पिठासारखी उडते, तीही आत शिरते. बाहेरून प्लग घट्ट दिसतो, आत संपर्क येतो-जातो. तपासायचं असेल तर सुटा प्लग एका पिनवर चढवून हवेत लटकवा. स्वतःच्या वायरच्या वजनाने तो खाली घसरला तर टाकून द्या, पिन दाबून पुन्हा वापरू नका.

पंखातल्या एलेरॉन सर्वोंना एक्स्टेन्शन लागतंच. प्रत्येक एक्स्टेन्शन म्हणजे तीन नवे संपर्क. शक्य असेल तिथे सर्वोचीच वायर लांब करा: तिन्ही तारा वेगवेगळ्या ठिकाणी कापा, म्हणजे जोड एकमेकांना टेकणार नाहीत, सोल्डर करा, प्रत्येकीवर वेगळी श्रिंक ट्यूब, मग सगळ्यांवर एक मोठी. पंख सुटा करायचा म्हणून जिथे प्लग ठेवावाच लागतो तिथे दोन्ही अर्धांना जाड दोऱ्याचे तीन-चार वेढे देऊन गाठ मारा. हॉट ग्लू भरू नका. पुढच्या वेळी काढताना वायर पिनमधून उपटते.

बॅटरीच्या एक्सटी६० कनेक्टरला सोल्डर करताना त्याचा जोडीदार दुसऱ्या बाजूने खोचून ठेवा. नाहीतर तापल्यावर प्लास्टिक मऊ होतं, पिना वाकड्या होतात आणि कनेक्टर कायमचा सैल बसतो. इथे २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. ते पिन तापवायला इतका वेळ लावतं की तोवर वायरचं सिलिकॉन आणि कनेक्टर दोन्ही भाजतात. ६० वॅटचं घ्या, टोक रुंद हवं, सोल्डर ६०/४० किंवा ६३/३७ फ्लक्सवालं. आधी पिनेचा कप सोल्डरने भरा, मग वायरला टिन करा (सोल्डरचा थर द्या), मग दोन्ही एकत्र वितळवा आणि गोठेपर्यंत हात हलू देऊ नका. जोड चकचकीत हवा. दाणेदार, मळका दिसला तर पुन्हा वितळवा. एक बारकावा: सोल्डर वायरमध्ये जिथवर चढतं तिथवर ती कडक होते आणि कडक भाग संपतो नेमकी तिथे ती तुटते. म्हणून श्रिंक ट्यूब त्या जागेच्या सेंटिमीटरभर पुढे न्या आणि वायर बॉडीला टायने बांधा.

बॅटरी मागे सरकवायची वेळ आली तर बॅटरीपासून ईएससीपर्यंतच्या तारा वाढवू नका. त्या तारा लांबल्या की ईएससी करंट चालू-बंद करताना व्होल्टेजचे झटके येतात आणि त्याचे कपॅसिटर मार खातात. वाढवायच्याच असतील तर मोटरकडच्या तीन तारा वाढवा. हे उलटं केलेलं मी खूप ठिकाणी पाहतो. आणि ईएससीला हवा द्या. नुसतं पुढे भोक पाडून भागत नाही, मागे बाहेर पडायची वाट आत येणाऱ्या वाटेच्या दीडपट तरी मोठी हवी.

अँटेनाबद्दल थोडंच सांगतो. रिसीव्हरच्या वायरचं टोकाचं ३१ मिलिमीटर उघडं अंग, जे पाव तरंगलांबीइतकं असतं, तेच खरं काम करतं. ते सरळ राहू द्या, बॅटरी, मोटर आणि कार्बनच्या रॉडपासून लांब. दोन अँटेना असतील तर एकमेकांशी काटकोनात. उघडं टोक तुटलं तर अँटेना बदला, उगाच वायर सोलून जुगाड करू नका.

फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर रिसीव्हर आपणहून काय करतो ते, मात्र तुम्ही तपासलेलं नाही असं मला वाटतं, कारण पत्रात त्याचा उल्लेखच नाही. प्रॉप काढा, मोटर हलकी फिरवा आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर दोन-तीन सेकंदांत थांबलीच पाहिजे. तशीच फिरत राहिली तर तुमचा रिसीव्हर शेवटची आज्ञा धरून बसतोय, आणि तसं विमान माणसांच्या दिशेने गेलं तर कोणी थांबवू शकणार नाही. माहितीपत्रक वाचून थ्रॉटल शून्यावर जाईल असं सेट करा आणि रिसीव्हर ट्रान्समीटरशी पुन्हा बाइंड केल्यावर (जोडल्यावर) दरवेळी तपासा. तुमच्या शेजारी मुलगा उभा असतो. हे काम पुढच्या उड्डाणाआधी झालंच पाहिजे.

रेंज टेस्ट मैदानावर दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी. ट्रान्समीटरमध्ये कमी पॉवरचा मोड असतो. तो लावून माहितीपत्रकात दिलेल्या अंतरापर्यंत, बहुधा तीसेक मीटर, चालत जा आणि सर्वो हलवत राहा. एकदा मोटर बंद ठेवून, एकदा अर्ध्या थ्रॉटलवर, कुणीतरी विमान मागून घट्ट धरलेलं असताना. मोटर चालू केल्यावर अंतर एकदम घटलं तर पुन्हा वीज आणि वायरिंगकडे वळा.

नाशिकच्या हवेबद्दल. थंडीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. तसल्या सकाळी लायपोचा आतला रोध वाढतो, थ्रॉटल दिला की व्होल्टेज खाली बसतं आणि ईएससी मोटरची वीज तोडतो. बॅटरी आदल्या रात्री गाडीत ठेवू नका. घरातून टॉवेलात गुंडाळून न्या, पहिलं मिनिट सौम्य उडवा. मे महिन्यात उलट: उन्हात बंद उभ्या गाडीत लायपो फुगते, तिला सावलीत ठेवा. दोन्ही ऋतूंत विश्रांतीचं व्होल्टेज सेलमागे ३.७ च्या आसपास असतानाच उतरवा, घरी ३.८ वर ठेवून द्या. पावसाळ्यात विमान महिनोन्‌महिने माळ्यावर पडून राहतं आणि पिनांवर ओल चढते. दसऱ्याला हत्यारांची पूजा करतो त्याच दिवशी सगळे प्लग दोन-चारदा काढून घालून घ्या आणि कनेक्टरवर हिरवट डाग आहेत का ते पाहा.

टेलिमेट्री आणि दुसरी बॅटरी. टेलिमेट्रीतली एकच गोष्ट तुमच्या कामाची: रिसीव्हरचं स्वतःचं व्होल्टेज. बऱ्याच नव्या रिसीव्हरमध्ये ते कुठलाही जास्तीचा सेन्सर न लावता दिसतं आणि उड्डाणातलं किमान व्होल्टेज नोंदलं जातं. मीटर पकडू शकत नाही तो खड्डा त्यात सापडू शकतो. पुढे कधी रिसीव्हर बदललात तर तसा घ्या. वेगाचे, जीपीएसचे सेन्सर सोडून द्या. रिसीव्हरसाठी वेगळी बॅटरी दोन मीटरच्या पुढच्या विमानांत, मोठ्या डिजिटल सर्वोंसाठी योग्य आहे. तुमच्या किलोभर वजनाच्या ट्रेनरमध्ये ती म्हणजे चार्ज करायला विसरता येईल अशी आणखी एक वस्तू.

जागेचं सांगायचं तर आपलं शहर यात अवघड आहे. एकीकडे ओझरचा विमानतळ, दुसरीकडे गांधीनगरला लष्कराचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण, तिसरीकडे देवळालीचा तोफखाना. ड्रोन नियम २०२१ हे रिमोटच्या मॉडेल विमानांनाही लागू आहेत. त्यात आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग केलेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पण विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत पिवळा किंवा लाल भाग येतो, तिथे परवानगी लागते, आणि आठ ते बारा किलोमीटरमध्ये पिवळा भाग २०० फुटांच्या वर सुरू होतो. निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून तुमचं नेमकं शेत कोणत्या रंगात येतं ते पाहा. नकाशा बदलतो, म्हणून दरवेळी पाहा. मग शेतकऱ्याला विचारून, सोंगणी झालेलं रान निवडा. द्राक्षबागेच्या शेजारचं नको: मांडवाच्या तारा लांबून दिसत नाहीत आणि त्यात शिरलेल्या फोमच्या पंखाचे तुकडे होतात, शिवाय घडांचं नुकसान त्या माणसाने का सोसावं? विजेच्या मोठ्या लाइनपासूनही दूर राहा. पहिल्या दिवशी नवा बीईसी बसवून, स्टॅबिलायझर आणि दिवे काढून, चार-चार मिनिटांचीच उड्डाणं करा आणि प्रत्येक वेळी उतरल्याबरोबर झाकण उघडून बीईसी आणि ईएससीला बोट लावून पाहा.